एआयकडून हळदीचं गाणं करून घेताना: आधी टाळी, मग टायपिंग

गाणं करून देणाऱ्या एआय ॲपच्या चौकटीत मी पहिल्यांदा ‘बॅन्जो’ असं इंग्रजीत टाइप केलं आणि बटण दाबलं, तेव्हा जे वाजलं त्यात घोडे होते, टोपीवाला माणूस होता, माळरान होतं. नवी मुंबईतलं आमचं गाव, घणसोली, तेवढं नव्हतं.

आमच्याकडे बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, तारांचा आवाज पकडणारा पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडलेला. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात ताइशोगोतो नावाचं वाद्य निघालं, त्याचा हा आपल्याकडे येऊन स्थायिक झालेला भाऊ. बावीस वर्षं मी तो हळदीत, वरातीत, गणपतीत वाजवतोय. मशीनच्या लेखी मात्र बॅन्जो म्हणजे अमेरिकेतलं गोल पोटाचं, पाच तारांचं वाद्य. चूक त्याची नाही, शब्द मी चुकीचा दिला. या सगळ्या खटाटोपात मला जे कळलं ते बरंचसं याच जातीचं आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

मी घणसोली गावात राहतो, रबाळे एमआयडीसीत शिफ्टला जातो. पुतण्याची हळद बारा दिवसांवर होती आणि घरातल्या पोरींना ‘आपल्या घरचं’ गाणं हवं होतं, ज्यात आमच्या गल्लीचं, आत्यांचं, करवल्यांचं नाव येईल. स्टुडिओ भाड्याने घ्यायचा, गायिका आणायची, एवढा वेळ नव्हता. म्हणून सुनो वापरलं. अमेरिकेतल्या केंब्रिजच्या कंपनीचं आहे, मजकूर दिला की चालीसकट, आवाजासकट गाणं करून देतं. युडियो नावाचं दुसरंही आहे. मी पुढे जे सांगतोय ते सुनोवरचं, पण शब्दांचा भाग कुठेही लागू पडेल.

ॲप उघडायच्या आधी

ॲपमध्ये एक सोपा मार्ग असतो: ‘हळदीचं मराठी गाणं कर’ एवढं सांगा, शब्दसुद्धा तेच लिहील. या वाटेला जाऊ नका. त्याने लिहिलेल्या मराठीत स्वप्नं असतात, चांदणं असतं आणि प्रत्येक कडव्यात ‘तुझ्याविना’ असतं. हळदीत ‘तुझ्याविना’चं काय काम? नवरी उद्या येतेच आहे.

कस्टम निवडा. तिथे दोन चौकटी मिळतात, एक शब्दांची आणि एक स्टाइलची. शब्द तुम्ही लिहायचे, देवनागरीत लिहिलेले चालतात. आणि इथेच बहुतेकांचं गाणं बिघडतं, कारण लोक वाक्यं लिहितात. माझ्या पुतणीने लिहून दिलेली पहिली ओळ अशी होती:

आज आमच्या अंगणात हळद दळली जात आहे

अर्थ अगदी बरोबर. अक्षरं मोजा: एकोणीस. मशीनने ‘आज आमच्या’ ऐसपैस गायलं आणि शेवटचं ‘दळली जात आहे’ सकाळच्या ठाणे लोकलमध्ये ऐरोलीची माणसं चढतात तसं उरलेल्या जागेत कोंबलं. पुढची ओळ अकरा अक्षरांची होती, तिथे ते उगाच ‘ओऽऽ’ करत बसलं. ओळी कमीजास्त असल्या की त्याला चाल धरता येत नाही. ते शब्द कधी ओढतं, कधी गिळतं, आणि आपल्याला वाटतं एआयला मराठी येत नाही.

म्हणून आधी टाळी. मी रबाळ्याहून परत येताना प्लॅटफॉर्मवर मांडीवर थाप देत ओळी बसवल्या. माप घेतलं आठ अक्षरांचं, ओवीच्या जवळचं, आपल्या कानाला सवयीचं. काना, मात्रा, जोडाक्षर काही असो, एक अक्षर म्हणजे एक. पहिल्या अक्षरावर टाळी आणि पाचव्यावर टाळी. आणि जमेल तिथे शब्द टाळीवरच सुरू झाला पाहिजे, टाळीने शब्द मधून कापला जाता कामा नये. घरी बोलतो त्या आगरीत लिहिलं:

अंगनान हलद गो
दलतान जात्यावरी
करवल्या नाचतान
नवऱ्याचे दारावरी

म्हणून बघा. अंगनान, टाळी, हलद गो. दलतान, टाळी, जात्यावरी. चार-चारचे तुकडे पडतात. हे जमलं की अर्धं गाणं झालं, असं मी बेंजोवाल्याच्या अनुभवाने सांगतो. ठेका हवा तो घ्या. केहरव्यात चार अक्षरं सरळ बसतात. आमच्या कोळी-आगरी झुलत्या ठेक्यात तीच चार अक्षरं सहा मात्रांवर पसरतात, एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड: अंऽग नाऽन, हऽल दऽगो. होडी हलते ना, तसं.

तुम्हाला आठ अक्षरं नको असतील तर मोठ्या अभंगाचं सहा-सहा-सहा-चार घ्या, त्यातही मशीन फार क्वचित अडखळतं. माप कुठलंही चालेल. एका कडव्यात बदलायचं मात्र नाही.

कानाला ऐकू येतं तसं लिहा

शुद्धलेखनाच्या बाई मला माफ करोत, पण गाण्याच्या चौकटीत शुद्धलेखन बाजूला ठेवावं लागतं. मशीन वाचत नाही, उच्चारतं, आणि त्याचा उच्चार हिंदीच्या वळणाचा. ‘ज्ञ’ दिला की ‘ग्य’ म्हणतं. ज्ञानोबा हवे असतील तर ‘द्न्यानोबा’ लिहा. ‘चांगला’मधला च आपण दातांजवळ म्हणतो, ते ‘चहा’मधल्या च सारखा म्हणतं. ‘त्सांगला’ लिहून बघा, बऱ्याचदा सुधारतं. ‘माझा’, ‘जावई’ यांचंही तेच. ‘जावई’ला ‘ज़ावई’ असं खाली नुक्ता देऊन पाहिलं तर दहातल्या सहा वेळा बरोबर आलं. दहाही वेळा बरोबर येईल अशी युक्ती मला अजून सापडली नाही.

सगळ्यात हट्टी अक्षर ळ. ‘बाळ’चं ‘बाल’ होतं आणि पाळण्याचं गाणं न्हाव्याच्या दुकानात पोचतं. यावर खात्रीचा इलाज नाही. ळ असलेला शब्द लांब सुरावर, ओळीच्या शेवटी ठेवू नका, मधे घाईत जाऊ द्या, म्हणजे कान पकडत नाही.

आता गंमत ऐका. आमच्या आगरीत ळ नाहीच. आम्ही हलद म्हणतो, डोला म्हणतो, काला म्हणतो. ण सुद्धा नाही, पानी आणि अंगन. शाळेत याच ल साठी मी पट्टी खाल्ली आहे. पुतणीने प्रमाण मराठीत लिहिलेलं गाणं मशीनने गायलं तेव्हा परकी बाई मराठी वाचतेय असं वाटलं, आणि तेच आगरीत लिहून दिलं तर बाई थेट तळवलीची वाटली. तलवलीची. मशीनला येत नाही ते अक्षर आमच्याकडे नाही, एवढाच योग.

आणखी दोन बारीक गोष्टी, ज्यांनी माझे दोन दिवस खाल्ले. ध्रुवपदापुढे सवयीने ‘धृ.’ लिहू नका, ते ‘धृ’ गातं, मोठ्या भक्तिभावाने. ओळ दोनदा हवी असेल तर पुढे दोनचा आकडा न घालता ती ओळ दोनदा लिहा. आकडे अक्षरांत लिहा. कडव्याच्या डोक्यावर चौकटी कंसात इंग्रजीत ‘व्हर्स’ आणि ध्रुवपदावर ‘कोरस’ लिहिलं की ते शब्द सहसा गायले जात नाहीत, त्यांवरून रचना ठरते. मधे वाद्यांना जागा हवी असेल तिथे तसाच चौकटी कंस करून ‘इन्स्ट्रुमेंटल ब्रेक’.

काकीने काढलेली चूक

आमची थोरली काकी धवलारीण आहे. आगरी लग्नात विधी धवले गाऊन लावतात, ते गाणारी. ना पेटी, ना ढोलकी, नुसता गळा. तिला मी तिसऱ्या दिवशीचं गाणं मोबाइलवर ऐकवलं. पोरी नाचायला लागल्या होत्या. काकी शेवटपर्यंत शांत बसली आणि म्हणाली, “ही बाय दम कवा घेते रं?”

मी परत ऐकलं. खरंच, चार ओळी सलग, श्वास नाही. आम्ही वाजवणारी माणसं, आमचं लक्ष ठेक्यावर. गाणाऱ्या बाईला पहिल्यांदा श्वास दिसला. तेव्हापासून दर दोन ओळींनंतर एक कोरी ओळ सोडतो, आणि लांब ओळीच्या मधे स्वल्पविराम देतो. पट्टीच्या गाणाऱ्यासारखा श्वास येत नाही, पण गाणं पळत सुटायचं थांबतं.

दुसरी चूक तिने शब्दांतली काढली. मी एका कडव्यात आधी नवऱ्याला हळद लावली होती आणि पुढच्या कडव्यात देवाला. “आदी देवाची,” एवढंच बोलली. कडव्यांची अदलाबदल केली. मशीन तुमच्या घरच्या रीतीला हात लावणार नाही, ते चुकीचा क्रमसुद्धा तितक्याच गोड आवाजात गातं. शब्द चौकटीत घालायच्या आधी घरातल्या जाणत्या बाईला वाचून दाखवा.

तिचाच धवला रेकॉर्ड करून चढवू, त्यावरून नवं करू, असं पोरींचं म्हणणं होतं, तशी सोय आहे. मी नाही म्हटलं. चढवलेल्या आवाजावर कंपनीला काय काय करायची मुभा मिळते हे अटींत लिहिलेलं असतं आणि ते वाचून मला काकीला समजावून सांगता येईना. जे समजावता येत नाही त्याला तिची संमती कशी घेणार?

स्टाइलची चौकट

इथे इंग्रजीत लिहिलेलं बरं चालतं. बेंजोची गोष्ट सांगितलीच, ‘बुलबुल तरंग’ लिहिल्यावर अमेरिका गेली. दरवेळी तंतोतंत बुलबुल तरंग येईल असं नाही, कधी मेंडोलिनसारखं काही येतं, ते चालवून घेतलं. ‘ढोल’ लिहिलंत तर पंजाब येईल, ‘ढोलकी’ लिहा. नुसतं ‘मराठी फोक’ लिहिलं तर बासरी आणि डोंगर. ‘सिक्स-एट’, म्हणजे सहा मात्रांचा ठेका, हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर ते आपल्या झुलत्या ठेक्याला सरळ करून नाइट क्लबमध्ये नेतं. माझी शेवटची ओळ मराठी अक्षरांत अशी: आगरी कोळी वेडिंग फोक, सिक्स-एट, लिल्टिंग, ढोलकी, बुलबुल तरंग, मिडल-एज्ड फीमेल लीड, विमेन्स ग्रुप रिस्पॉन्स.

‘मिडल-एज्ड’ हा शब्द सोनं आहे. तो नसेल तर प्रत्येक वेळी वीस वर्षांची, कानात कुजबुजणारी मुलगी येते. हळदीत कुजबुजून कोण गातं?

नको ते लिहायची वेगळी जागा आहे, तिथे भांगडा, ईडीएम (क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) आणि ऑटोट्यून. नव्या मॉडेलमध्ये स्टाइलला हजार अक्षरांपर्यंत जागा आहे, पण भरलीच पाहिजे असं नाही. दहा-बारा शब्दांपुढे ते काय मनावर घेतं आणि काय सोडतं याचा अंदाज जातो.

धवल्याचा बाज मात्र मला शब्दांनी आणता आला नाही. सुनोने २०२४ साली, संगीत कंपन्यांनी अमेरिकेत केलेल्या खटल्यात दिलेल्या उत्तरात मान्य केलं की त्यांचं मॉडेल खुल्या इंटरनेटवर मिळणाऱ्या कोट्यवधी रेकॉर्डिंगवर शिकलंय. आता इंटरनेटवर डीजेची हळदीची गाणी ढिगाने आहेत आणि काकीचे धवले तिच्या डोक्यात आहेत. मशीन डीजेकडेच झुकणार.

बटण, क्रेडिट आणि वही

फुकट खात्यात दिवसाला ५० क्रेडिट मिळतात. एकदा दाबलं की दोन गाणी येतात आणि १० जातात, म्हणजे दिवसाला पाच दाब. उरलेली उद्याला मिळत नाहीत. पहिल्या दिवशी मी पाचही दाब दहा मिनिटांत उडवले आणि हाती काही नव्हतं. नंतर वही केली. एका दाबात एकच गोष्ट बदलायची: एक तर शब्द, नाहीतर ठेका, नाहीतर आवाज. दोन बदलल्या की कशाने सुधारलं कळत नाही, हे माझ्यासारख्या फिटरला सांगावं लागत नाही. सुरुवातीला पूर्ण गाणं करूच नका. चार ओळी द्या, उच्चार आणि ठेका जमला की मग सगळी कडवी.

निवडताना हेडफोन काढा. हेडफोनवर सगळंच भारी वाटतं. मी स्वयंपाकघरात मोबाइल ठेवून बाहेरच्या खोलीतून ऐकायचो. तिथून शब्द कळले तर मांडवात कळतील.

सातव्या दिवशी मी महिन्याचे पैसे भरले, १० डॉलरवाला प्रो. त्यात २५०० क्रेडिट मिळतात आणि गाण्याचे थर वेगळे काढता येतात, आवाज निराळा, ठेका निराळा. मला तेच हवं होतं. यूट्यूबवर टाकून पैसे कमवायचे असतील तर एक लक्षात ठेवा: फुकट खात्यात केलेलं गाणं व्यवसायासाठी वापरता येत नाही, आणि नंतर पैसे भरले म्हणून आधीच्या गाण्याला तो हक्क मिळत नाही. कमाईचा विचार असेल तर पैसे आधी, गाणं नंतर. डाउनलोडचंही आधी बघून घ्या. युडियोने ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिव्हर्सल या संगीत कंपनीशी समझोता झाल्यावर डाउनलोड बंद केलं. पुढच्याच महिन्यात सुनोने वॉर्नर या दुसऱ्या संगीत कंपनीशी समझोता केला आणि येणाऱ्या मॉडेलवर फुकट खात्यातलं गाणं नुसतं ऐकता आणि पाठवता येईल, असं जाहीर केलं. हळदीच्या सकाळी हे कळून उपयोग नाही.

आणि ‘अमक्याच्या आवाजात कर’ हा हट्ट सोडा. सुनो गायकाचं नाव स्टाइलमध्ये घेतच नाही. दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये जमलं तरी करू नका. अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रोखलं, आशा भोसले यांनाही २०२५ मध्ये तसंच संरक्षण दिलं. आमच्या गल्लीतला एक जण म्हणाला, घरच्या हळदीत कोण बघतंय. कोण बघतंय म्हणजे? प्रत्येक पोराच्या हातात रील चालू असतं.

स्वतःची ढोलकी चढवणं

हे सगळ्यांनी करायलाच हवं असं नाही, पण घरात कोणी वाजवणारा असेल तर कराच. थर वेगळे काढून मी मशीनचा ठेका बंद केला, आवाज आणि तारा ठेवल्या. मित्राने ढोलकी वाजवली, मोबाइलवरच रेकॉर्ड केली, कोपऱ्यात गाद्या उभ्या करून. जोडायला बॅन्डलॅब हे फुकट ॲप पुरलं. अडचण एकच आली. मशीनच्या गाण्याची लय काटेकोर नसते, मधे जराशी सरकते. आम्ही मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र, लावून वाजवलं आणि दुसऱ्या कडव्यात सगळं विसकटलं. मग मेट्रोनोम बंद, कानात गाणं, डोळे मिटून, गाणारी बाई समोर बसलीय असं समजून वाजवायला सांगितलं. दुसऱ्या फेरीत जमलं. थापेत थोडी मागेपुढे झाली आहे, ती ठेवली.

लांबी तीन मिनिटांच्या आत ठेवा. मोठं करायची सोय आहे, पण स्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात आणि डीजेवाल्याकडे त्याची स्वतःची यादी असते. तुमचं गाणं साडेनऊच्या आसपास, एकदाच, नाहीतर दोनदा वाजणार.

फाइल पेनड्राइव्हवर द्या, आणि गाण्याची बिनआवाजाची प्रतही बरोबर ठेवा. फक्त दोघींना वेगळी नावं द्या. मी दोन्हींना ‘हलद फायनल’ दिलं होतं, एकीला पुढे दोन. साउंडवाल्याने साडेनऊला बिनआवाजाची लावली. मी मांडवातून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत करवल्यांनी ‘अंगनान हलद गो’ उचललं होतं, आठवडाभर व्हॉट्सॲपवर ऐकून पाठ झालेलं. काकी पुढे होती. दर दोन ओळींनी दम घेत होती. मी साउंडवाल्याला हाताने खूण केली, राहू दे.

नावं मात्र वेगळी द्या. एकीला ‘आवाज’, दुसरीला ‘बिनआवाज’.